पार्सलाचे सोळा शेवट

"बाबा, दुसरं काहीतरी बघू या ना. धिस वन इज सो ओल्ड."

"हाच लाव," दिगंबर म्हणाला.

इशिताने कॅसेट आत सरकवली. बाहेर मिशिगनमधल्या नोव्हायची थंडी अशी होती, की शिंकलात तर शिंक गोठून पायावर पडावी आणि अंगठा सुजावा. गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणारा दिगंबरचा प्लांट नाताळापासून एक तारखेपर्यंत बंद असे. त्या रिकाम्या आठवड्यासाठी त्याच्या बायकोने, उत्तराने, नव्वद साली गॅरेज सेलमधून ही कॅसेट आणली होती. नाताळच्या आदल्या दिवशी हिमवादळात अडकलेला पोस्टमन, त्याचा कुत्रा आणि वाटायचं राहिलेलं एकच पार्सल. दरवर्षी जेवण झालं, की दुपारी हाच सिनेमा. पोस्टमनची गाडी बर्फात रुतली, की उत्तराचं डोकं दिगंबरच्या खांद्यावर कलंडायचं. पाचच्या चहाला ती विचारायची, "अहो, पोचलं का हो पार्सल शेवटी?"

आणि दिगंबर सांगायचा. एका वर्षी अस्वलाने ते सही करून घेतलं. एका वर्षी पोस्टमन वाट चुकून थेट मिरजेला पोचला आणि पार्सलातून कुकर निघाला, शिट्टीसकट. "काहीतरीच तुमचं," म्हणत उत्तरा दुसरा कप ओतायची. सोळा वर्षं, सोळा शेवट. खरी गोष्ट अशी, की तिच्यामागोमाग पाच मिनिटांत दिगंबरही घोरायला लागायचा. शेवट त्यानेही कधी पाहिला नव्हता.

यंदा ऑक्टोबरात उत्तरा गेली. दिगंबर रडला नाही. "रडून घ्या हो भावजी, मोकळं वाटेल," प्रतिमावहिनी म्हणाल्या. त्याने मान हलवली. लोकांनी आणलेले डबे त्याने खाल्ले, घासले आणि रिकामेच परत केले. उत्तराने जन्मात कुणाचा डबा रिकामा धाडला नव्हता.

पडद्यावर गाडी रुतली. इशिता सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला झोपली होती. दिगंबरने रिमोट उचलला. खरा शेवट दिसला, की सोळाच्या सोळा खोटे पडणार होते. पण खांद्यावर वजन नव्हतं आणि झोप काही येईना. रिमोट तसाच हातात राहिला.

पोस्टमन पोचला. दाराला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं, तर घर रिकामं. पार्सल पायरीवर ठेवून तो कुत्र्याबरोबर परत निघाला. पार्सलावर बर्फ पडत राहिला, शेवटची नावं वर सरकू लागली.

दिगंबरने कॅसेट सुरुवातीपर्यंत रिवाइंड केली आणि चहा टाकला. आल्याच्या वासाने इशिता उठली.

"मी झोपले का? व्हॉट हॅपन्ड? पार्सल पोचलं?"

दिगंबरने तिच्यासमोर कप ठेवला.

"पोचलं," तो म्हणाला. "बाई घरातच होती. जरा डोळा लागला होता तिचा."

"आणि आत काय होतं?"

दिगंबरने साखरेची बरणी पुढे ओढली. मग ओट्यावर राहिलेल्या प्रतिमावहिनींच्या शेवटच्या डब्यात त्याने मूठभर साखर घातली आणि झाकण घट्ट लावलं.