पाहणीच्या दिवशीची गर्दी

विमानतळ बंद झाला. शेवटी बंदच झाला. पण तूर्त तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू; कारण या घटकेला विमानतळाचा व्यवस्थापक सरकत्या दारात उकिडवा बसून मावशीच्या नव्या सुटकेसवरची दुकानाची चिठ्ठी दातांनी तोडत होता आणि असलं काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

"अरे, राहू दे ना ती," मावशी म्हणाली. "उद्या परत करायची आहे दुकानात."

"मावशी, प्रवाशांच्या बॅगांना चिठ्ठ्या लोंबत नसतात."

"नव्या बॅगांना असतात. आणि असले कसले रे तुझे प्रवासी, जुन्याच बॅगा घेऊन फिरतात?"

त्याने चिठ्ठी खिशात कोंबली आणि धावपट्टीकडे पाहिलं. सोमवारचं विमान उतरलं होतं. त्यातून एकच बाई उतरली. मुख्यालयातून आलेली पाहणी अधिकारी. तिच्या मुठीत माणसं मोजायचं चिमुकलं यंत्र होतं; बटण दाबलं की टक् वाजणारं.

देशभरच्या विमानतळांच्या जाळ्यातून जे ओस पडलेत ते कापून टाकायचे, असं वर ठरलं होतं. हा ओस नव्हता असं म्हणायला फार मोठं काळीज लागलं असतं. पर्यटक येणार म्हणून तो बांधला होता. काचेच्या भिंती होत्या. वरच्या मजल्यावर नेणारा सरकता जिना होता आणि वर काहीच नसल्यामुळे खाली आणणारा दुसराही होता. आत शिरल्याशिरल्या भिंतभर धबधब्याचा फोटो होता. जे थोडेफार पर्यटक आले त्यांनी हा धबधबा कुठे आहे असं विचारलं. तो दुसऱ्याच प्रांतात असल्याचं कळल्यावर त्यांनी तिकडचं विमान विचारलं.

तरी व्यवस्थापकाचा जीव या इमारतीत अडकला होता. गेलं वर्षभर तो घरी जेवायचा तेव्हाही मनाने इथेच असायचा. बायको काही सांगायची, तो "हं" म्हणायचा आणि पुढच्या घासाला कोणता दिवा बदलायचा राहिलाय ते आठवायचा. पाहणीची खबर आल्यापासून तर घासही उतरत नव्हता. शेवटी त्याने नात्यागोत्यात फोन फिरवले. सोमवारी या, बॅगा घेऊन या, फक्त बसून राहा.

माणसं आली. मावशी, थोरले काका, सासरे, साडू, साडूचा शेजारी. बॅगाही आल्या. सामान तपासणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यावर त्या एकेक करून आत सरकू लागल्या, तेव्हा व्यवस्थापकाच्या लक्षात आलं की बॅगेत काहीतरी भरून आणा, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

पडद्यावर मावशीची सुटकेस आली. चार चाकं आणि एक चेन; मधे शून्य. सासऱ्यांची आली. चाकं आणि चेन. काकांच्या बॅगेत मात्र काहीतरी होतं. व्यवस्थापकाला जरा हायसं वाटलं. नीट पाहिलं तर आत दुसरी, लहान बॅग होती. तीही रिकामी.

"ही कशाला?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"परतीला सामान वाढतं," काका म्हणाले.

अधिकारी बाई त्याच्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्यांचा अंगठा बटणावर होता. टक् काही वाजलं नव्हतं. व्यवस्थापकाच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये शिरला.

"हलकं सामान दिसतंय," बाई म्हणाल्या.

"इकडची माणसं साधी आहेत, मॅडम."

तेवढ्यात पट्ट्यावर निळी बॅग आली. त्याच्या बायकोची. रांगेत सगळ्यात शेवटी तूच राहा, असं त्यानेच तिला बजावलं होतं. आणि पडदा भरून गेला. घड्या केलेले कपडे, दोन चपलांचे जोड, चष्म्याचं घर, कागदांची फाइल. कोपऱ्यात उशाकडचं गजराचं घड्याळ, वर दोन कान असलेलं.

व्यवस्थापकाचा ऊर भरून आला. या सगळ्या रिकामटेकड्यांत एक तरी माणूस कामाचं निघालं! गजराचं घड्याळसुद्धा! इतका बारीक विचार तर त्यालाही सुचला नसता.

"बघा, मॅडम," तो म्हणाला, "हा आमचा नेहमीचा प्रवासी."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायकोने पर्समधून तिकीट काढून पुढे धरलं. टक्.

तो आवाज ऐकून व्यवस्थापक हसला. हसू ओठांवर असतानाच त्याला प्रश्न पडला की तिकीट कुठून आलं. तिकिटं काढा, असं तर त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आणि ही मंडळी?" बाईंनी खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या नातलगांकडे बोट केलं. "ही या विमानाने येत नाहीत?"

"ते... पुढच्या विमानाचे आहेत."

"पुढचं कधी?"

"गुरुवारी."

मावशी मधे पडली.

"आम्हाला ऐन वेळेची धावपळ सोसत नाही हो."

साडूच्या शेजाऱ्याने मान डोलावली. बाईंनी मोजणीचं यंत्र पर्समध्ये ठेवलं आणि त्या विमानाकडे चालू लागल्या. परत जायला त्यांनाही तेच विमान होतं; त्यात कोण चढलं नाही ते त्यांना दिसणारच होतं. एवढी साधी गोष्ट नात्यागोत्यात कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

व्यवस्थापकाने बायकोला खांबाआड गाठलं.

"अगं, हे काय? आता विमानात जाऊन बसावं लागेल तुला! नाटक एवढं ताणायचं नसतं."

"अहो, नाटक नाहीये." तिने बॅगेचा दांडा वर ओढला. "राजधानीच्या विमानतळावर उद्घोषणेची नोकरी मिळाली मला. सांगितलं होतं."

"कधी?"

"जेवताना. तुम्ही 'हं' म्हणालात. मुलाखतीला जाते म्हटलं, 'हं' म्हणालात. सोमवारच्या विमानाने निघते म्हटलं, तर म्हणालात, सोमवारी नको, सोमवारी पाहणी आहे. मग लगेच म्हणालात, नाही, नाही, सोमवारीच ये."

त्याने खिशात हात घातला. दुकानाची चिठ्ठी हाताला लागली, ती तो बोटांत गुंडाळत राहिला.

"खोलीपण बघितलीये," ती म्हणाली. "दोघांना पुरेल."

"मग इथलं कोण बघणार?"

हे तोंडातून निघून गेलं आणि त्याने ते परत गिळायला ओठ मिटले. उशीर झाला होता. बायकोने त्याच्या कॉलरवरचा घाम पदराने टिपला, जसा ती रोज सकाळी त्याच्या शर्टावरचा दोरा काढायची.

"बघा तुम्हीच," ती म्हणाली. रागाने नव्हे. मग काचेचं दार बाजूला सरकलं, तिच्या मागे मिटलं, आणि पलीकडे निळी बॅग डांबरावरून हिंदकळत निघाली. काचेतून आवाज येत नव्हता.

विमान उडालं. सासऱ्यांनी घसा खाकरला.

"जावईबापू, आता आम्ही उठलो तर चालेल? की गुरुवारपर्यंत बसायचं?"

त्याच्या पुढ्यातून उठून एकेक जण रिकामी बॅग उचलत होता. चाकांवर ढकलायलाही जड नव्हती कुणाची. शेवटी मावशी आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, आणि चिठ्ठी मागायची विसरली.

महिनाअखेर मुख्यालयाचा हुकूम आला. राजधानीच्या खोलीचा पत्ता त्याच्या टेबलाच्या काचेखाली होता; बायकोने तो दोनदा कळवला होता. व्यवस्थापकाने हुकूम वाचला, पत्ता वाचला, खुर्ची पुढे ओढली आणि रीतसर उत्तर लिहायला घेतलं:

'मा. महासंचालक यांच्या सेवेसी. सदर विमानतळावरून पाहणीच्या दिवशी एक प्रवासी रवाना झाला असून, त्याची नोंद आपल्याच अधिकाऱ्यांनी घेतलेली आहे. सदर प्रवाशाने परतीचे तिकीट काढलेले नाही. तथापि तो परत येण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी, प्रवासी परत येईपर्यंत धावपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंचे दिवे व आगमन कक्षातील दोन खुर्च्या चालू स्थितीत ठेवण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'