रेनकोटच्या खिशातल्या शेंगा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. एक भलीमोठी वाटी आहे. तिच्या उतरत्या कडांवरून गाड्या सुसाट गोल गोल पळताहेत, आणि तुम्ही आहात वाटीच्या तळाशी. बाहेर पडायला एकच बोगदा, तोही गाड्यांच्या रस्त्याखालून जाणारा. आता या वाटीत धो धो पाऊस पडू द्या. बोगद्यात पाणी भरलं की संपलं! आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर.

टेनेसीच्या डोंगरात, स्प्रूस हॉलोच्या ट्रॅकवर त्या रविवारी असंच झालं. नऊ वर्षांची रेनी कॉबल आत अडकली होती, तिच्या डॅडीच्या संघाच्या लांबलचक ट्रेलरमध्ये. पाऊस आत येतो म्हणून दार लावलेलं. डॅडी आणि संघाची माणसंही आतच बसलेली, ओल्या कपड्यांचा आणि रबराचा वास कोंडलेला.

तिचा डॅडी, डॉयल, शर्यतीत दुसरा होता. पहिला होता लमार स्टाइल्स. ढग दिसत होते, तरी सगळे पेट्रोल भरायला आत वळले; लमार तेवढा वळला नाही, म्हणून पुढे गेला. त्याची टाकी जवळजवळ कोरडी होती. डॉयलची भरलेली होती, चाकंही नवी. पाऊस थांबून शर्यत पुन्हा सुरू झाली असती, तर लमारची गाडी थोड्याच फेऱ्यांत आचके देऊन थांबली असती. पण अर्ध्याहून जास्त फेऱ्या झाल्या होत्या. पाऊस थांबलाच नाही तर पुढे असेल तो जिंकला, असा नियम. आणि डॉयलला आज जिंकायलाच हवं होतं. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच्या गाडीत दुसराच पोरगा बसणार, असं संघाच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं.

लाल निशाण लागलेलं, म्हणजे शर्यत थांबवलेली. गाड्या आच्छादनाखाली रांगेत उभ्या. त्यांना हातही लावायचा नाही. लावला तर गाडी रांगेत शेवटी. मग माणसांनी करायचं काय? नुसतं आभाळाकडे बघायचं.

रेनीला थंडी वाजली म्हणून तिने खुंटीवरचा आपला रेनकोट अंगात घातला आणि खिशात हात घातला.

खिशात भुईमुगाच्या शेंगा होत्या. टरफलासकट.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? थांबा. शर्यतीच्या जुन्या लोकांत टरफलाची शेंग म्हणजे महाअपशकुन. संघाचे प्रमुख हॉयटकाका तर शेंग दिसली की सगळा ट्रेलर झाडून काढायचे. येताना पेट्रोलपंपावर घेतलेल्या शेंगा रेनी पार विसरली होती. आणि रेनकोट सकाळपासून तिथेच टांगलेला!

‘म्हणजे पाऊस मी आणला,’ तिला वाटलं.

टाकायच्या कुठे? कचऱ्याचा डबा काकांच्या पायाशी. बाहेर रस्ताभर माणसं. बोगदा बंद. तिने खिशातच मूठ आवळून धरली, ती सोडवेना.

दार उघडलं. लमार डोकावला, पाण्याने निथळत. “काय डॉयल्या, थोडं पेट्रोल उसनं देतोस का? तुझ्याकडे लई झालंय म्हणे!”

“देतो की. आधी पाऊस थांबव,” डॉयल म्हणाला.

“येडा का खुळा मी? रात्रभर पडो!” लमार हसला, पण त्याचीही नजर आभाळावरच होती.

तेवढ्यात पश्चिमेला उजळलं. गरम हवा सोडणारे ट्रक रस्ता वाळवायला निघाले. डॉयल हेल्मेट घेऊन उठला. रेनीने श्वास रोखला. ‘थांब, थांब, थांब.’

पत्र्यावर पुन्हा ताडताड सुरू झालं.

थोड्या वेळाने कर्ण्यावरून आवाज आला. शर्यत संपली. विजेता लमार स्टाइल्स.

 मग हॉयटकाकांनी टोपी बाकावर आपटली. “कुणीतरी काहीतरी आणलंय आत. शेंगबिंग आणली असणार! नाहीतर असं होतं होय?”

रेनीचे कान तापले. दाराला पाठ लागली होती, मागे सरकायला जागा नव्हती.

“हॉयट, उगाच शेंगांवर कशाला ढकलतोस?” डॉयल खाली बसत म्हणाला. “डोंगरावरचा ढग मला दिसत होता. तू रेडिओवर विचारलंस, आत येतोस का? मी म्हटलं, येतो. लमारने धोका पत्करला, मी नाही पत्करला. एवढंच झालंय.”

“गाडी गेली तुझी, डॉयल.”

“गेली. पण माझ्या हाताने गेली.” त्याने हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि त्यावरचं पाणी तळव्याने पुसत राहिला.

रेनी डॅडीकडे बघत होती. ढग, पेट्रोल, आत वळणं. तिने ते मनात एकामागून एक लावून पाहिलं. त्यात शेंगा कुठेच बसत नव्हत्या. 

तिने मूठ बाहेर काढली, उघडली, आणि सगळ्यांच्या देखत एक शेंग फोडली. त्या कोंडलेल्या ट्रेलरमध्ये टरफल फुटल्याचा आवाज केवढा तरी झाला. हॉयटकाकांचं तोंड उघडंच राहिलं.

“सकाळपासून माझ्याच खिशात होत्या, काका,” ती म्हणाली. एक दाणा तिने डॅडीच्या हातावर ठेवला, आणि दुसरा घेऊन ती हॉयटकाकांकडे चालत गेली.