रंगाऱ्याचा दांडा

माझ्या मालकांच्या धाकट्या लेकीचे लग्न झाले, त्या वर्षीची ही गोष्ट.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दांडा आहे. रंगाऱ्याच्या कढईत कापड ढवळणे हे माझे काम. सुताराने तासले तेव्हा मी पांढराफटक होतो. पहिल्याच दिवशी निळा झालो, मग लाल, मग काळपट. मालकांचे हातही तसेच. मुठीच्या जागी मी इतका गुळगुळीत होतो, की गिऱ्हाईक विचारी, "याला तेल लावता का?" मालक म्हणत, "घाम लावतो."

लग्न उरकले आणि मालकांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात हृदयाच्या नळीत जाळी बसवली. ते पिशवीभर नव्या गोळ्या घेऊन परतले. "एकही चुकवू नका," असे डॉक्टरांनी बजावले होते. मालकांनी एकही चुकवली नाही.

काही आठवड्यांनी त्यांना कणकण आली, डोळे चुरचुरू लागले. मग छातीवर आणि हातांवर लाल चट्टे उठले. दुसऱ्या घरात कुणी घाबरले असते. आमच्याकडे प्रत्येकाच्या अंगावर कसला ना कसला रंग असायचाच.

"दाजी, कढईत उतरला होता का?" मेहुणा हसला.

मालकीणबाईंनी नेहमीसारखे साबण लावून खसाखसा घासले. चट्टे गेले नाहीत.

"पक्का दिसतोय हो."

"मग? कच्चा रंग कधी विकलाय का मी?" मालक म्हणाले. ओठ सुजल्यामुळे त्यांना धड हसता येईना.

सकाळी त्यांनी मला धरले आणि कळवळून सोडले. त्यांच्या तळहाताची कातडी ओल्या कागदासारखी माझ्यावर राहिली. मालकीणबाईंनी ती पाहिली.

"अहो, हा रंग नाही हो!"

पुढचे मला मालकीणबाईंच्याच तोंडून कळले. नव्या गोळ्यांतली एक अंगावर उलटली होती. डॉक्टरांनी ती बंद केली, पण फार उशीर झाला होता. सारे अंग भाजल्यासारखे सोलले होते. धाकटी धावत आली आणि म्हणाली, "आई, हात कुठं लावू गं बाबांना?" तेवढी जागाच उरली नव्हती.

मित्रांनो, नवे औषध सुरू असताना ताप आला, चट्टे उठले, तोंड आले, तर कारण घरातल्या घरात ठरवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मला हे कळत होते असे नाही. कळले असते तरी मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

माझे मालक थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी, दवाखान्यात वारले.