पियानो नसलेली रेकॉर्ड

रविवारी सकाळी रजनी कुकर लावायची, हात पुसायची आणि नवऱ्याचा फोन घेऊन गॅलरीत जाऊन बसायची. मग त्याच्या नावाने एक ओळ लिहायची. जूनपासून हे चाललं होतं आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. घरात होतं कोण म्हणा! ती आणि ज्याच्या नावाने लिहायचं तो.

फोनवर 'रोबिबार', म्हणजे बंगालीत रविवार, नावाचा ग्रुप होता. सात माणसं, सगळी साठीच्या अलीकडची-पलीकडची, सगळी जॅझची वेडी. रविवारी दहा वाजता प्रत्येकाने त्या आठवड्यात ऐकलेल्या एका अल्बमच्या कव्हरचा फोटो टाकायचा आणि खाली एकच ओळ लिहायची. नियमही एकच. रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्याच आठवड्यात ऐकलेली असली पाहिजे. जुन्या आठवणीवर लिहायचं नाही. न ऐकता लिहिलंय असं सिद्ध झालं तर त्याने सगळ्यांना घरी जेवायला घालायचं. हा नियम केला होता रजनीच्या नवऱ्याने, चंद्रकांतने. रेल्वेच्या कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस. नियमावलीशिवाय त्याला साधा छंदसुद्धा करता येत नव्हता.

रजनीला स्वतःला या संगीताचं कधी काही वाटलं नव्हतं. पाच माणसं एका खोलीत बसून एकमेकांवर रुसल्यासारखी आपापलं वाजवतायत, एवढंच तिचं मत. लग्नानंतर सोलापूरहून कोलकात्यात आली तेव्हा हा नवरा दर शनिवारी फ्री स्कूल स्ट्रीटवरून जुन्या रेकॉर्डी बगलेत मारून आणायचा. तिने त्याही चालवून घेतल्या, जशी इथली दमट हवा चालवून घेतली.

जूनमध्ये एका रविवारी चंद्रकांत फोन हातात धरून अर्धा तास नुसता बसून होता.

"काय लिहू ग?"

"ऐकलंत ते लिहा. मला काय विचारता?"

तो तिच्याकडे बघून हसला, लोण्याच्या भांड्यात बोट घालताना सापडलेल्या पोरासारखा. आदल्या संध्याकाळी त्याने रेकॉर्ड लावली होती. तिने ती स्वयंपाकघरातून ऐकली होती. आणि सकाळी त्यातलं काहीच त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

"द्या इकडे," ती म्हणाली, आणि लिहून टाकलं.

एकदा लिहिलं ते लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून तो रेकॉर्ड लावायचा तेव्हा ती भाजी निवडायला घेऊन त्याच्या शेजारी बसू लागली. तो मध्येच पेंगायचा. ती दोन्ही बाजू ऐकायची. त्याच्या जुन्या ओळी वाचून वाचून तिने त्याचं ते कचेरीतलं, नाकासमोर चालणारं इंग्रजी उचललं आणि हळूहळू त्यात आपला मीठमसाला घालू लागली. ग्रुपमधला प्रभाकर, बँकेतून निवृत्त झालेला, एकदा फोनवर म्हणाला, "चंद्रकांतराव, हल्ली तुमची लेखणी काय खुललीय!" फोन स्पीकरवर होता. चंद्रकांत म्हणाला, "हो का?" रजनी मात्र आतून सुखावली, आणि दुसऱ्या क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. नवऱ्याचं एकेक पुसलं जातंय आणि बाईची प्रगती होतेय!

बंगळुरूहून लेक, चैत्राली, व्हिडिओवर यायची. ती कोलकात्यातच वाढलेली, तिचं मराठी जरा लंगडंच. "आई, बाबा मला तीन वेळा विचारला, मी जेवली का. तू डॉक्टर दाखव ना." डॉक्टरांची तारीख घेतली होती. ती दोनदा पुढे ढकलली होती, आणि दोन्ही वेळा रजनीनेच. जोवर रविवारी त्याच्या नावापुढे एक ओळ दिसत होती, तोवर सहा माणसांच्या लेखी तो अजून शाबूत होता. तेवढं तरी तिला राखायचं होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिने निळ्या कव्हरचा फोटो टाकला. चार माणसं एका पुलावर उभी, एकाच्या हातात ट्रम्पेट. खाली तिने लिहिलं : 'शेवटी पियानो एकटाच मागे राहतो, सगळी पंगत उठून गेल्यावर पाटावर बसून राहिलेल्या म्हाताऱ्यासारखा.' ओळ तिला स्वतःलाच आवडली होती.

दहा मिनिटं गेली. मग बजबजच्या मिहिरदांनी लिहिलं. मिहिरदा म्हणजे चंद्रकांतचा सगळ्यात जुना दोस्त. ज्यूट मिलमध्ये जन्म काढलेला, तोंडाने फटकळ.

'चंद्रकांत, या रेकॉर्डवर पियानो नाही. पियानो नाही म्हणूनच तर ती प्रसिद्ध आहे, बाबा!'

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. प्रभाकरने लिहिलं, 'पकडले! जेवण!' मिहिरदांनी ठरवूनच टाकलं : 'पुढचा रविवार. मी आणि प्रभाकर येतो. बाकीचे गावाला पळालेत, त्यांचं आम्ही खाऊ.'

रजनी उठून रेकॉर्डींच्या कपाटापाशी गेली. निळं कव्हर काढलं, आतली रेकॉर्ड बाहेर ओढली, मधल्या गोल लेबलवरचं नाव वाचलं. ते दुसरंच होतं. तिने शेजारचं कव्हर काढलं. त्यातही तिसरंच कुणी. पुढच्या एकात दोन रेकॉर्डी चिकटून बसलेल्या, त्याच्या पुढचं रिकामं. ज्या माणसाने आयुष्यभर रेकॉर्डला अंगठा लागू दिला नाही, कव्हरं आडनावाप्रमाणे लावली, त्याच्या कपाटातली प्रत्येक तबकडी परक्या घरात राहत होती.

ती जमिनीवर बसली. एवढ्या रेकॉर्डी जूनपासूनच्या पाच महिन्यांत चुकीच्या ठिकाणी जाणं शक्य नव्हतं. आठवड्याला दोन-तीन तर तो लावायचा. म्हणजे हे वर्षभरापासूनचं, कदाचित त्याच्याही आधीचं होतं. तिच्या लक्षात यायच्या कितीतरी आधीपासून तो कव्हर एक काढत होता, आतून निघेल ते वाजवत होता, आणि चूक कळली तरी चेहरा हलू देत नव्हता. ती त्याला जगापासून लपवत होती आणि तो स्वतःला तिच्यापासून. दोघंही आपापल्या जागी मोठे हुशार!

त्या आठवड्यात तो दुपारी झोपला की ती चष्मा लावून बसायची आणि लेबलं वाचून रेकॉर्डी ज्याच्या त्याच्या कव्हरात घालायची. मिहिरदा येणार, हटकून कपाट उघडणार. गुरुवारपर्यंत साठेक झाल्या. अजून अडीचशे तरी होत्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करतेस?"

"धूळ पुसतेय."

चंद्रकांत दारात उभा होता. तिच्या दोन बाजूंना दोन ढीग; एकात नुसती कव्हरं, दुसऱ्यात नागड्या रेकॉर्डी. त्याने ते बराच वेळ पाहिलं.

"नीट लाव हं," तो हळूच म्हणाला. "मी... नंतर बघू म्हणून तशाच ठेवल्या होत्या."

"हो. लावते."

"चहा करू?"

"मी करते, बसा तुम्ही." परवाच गॅस तसाच सुरू राहिला होता, ते ती बोलली नाही. तो खुर्चीत जाऊन बसला.

रविवारी बजबज लोकलने माझेरहाटला आणि तिथून रिक्षाने मिहिरदा बेहाल्याला चंद्रकांतच्या घरी पोचले, हातात रसगुल्ल्यांचं मडकं. प्रभाकर आधीच येऊन खुर्ची पटकावून बसला होता.

"बौदी, वांगी?" मिहिरदांनी ताटात डोकावून म्हटलं. ते हिंदीत बंगाली कालवून बोलायचे, वहिनीला बौदी म्हणायचे. "शिक्षा याला द्यायची की आम्हाला? एक मासासुद्धा नाही!"

"नसलेला पियानो ऐकणाऱ्याच्या घरी मासाही नसलेलाच मिळतो," रजनी म्हणाली.

हसणं झालं. चंद्रकांतही हसला. तो चांगला दिसत होता. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. प्रभाकरला त्याने वांगी आग्रह करकरून वाढली. रजनीला वाटलं, निभावलं बहुतेक. तेवढ्यात मिहिरदांनी खिशातून फोन काढला.

"आता सांग, हा पियानो तुला ऐकू आला कुठून? शेजाऱ्याच्या घरात वाजत होता का?"

"कुठला पियानो?"

"तू लिहिलास तो."

चंद्रकांतने फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला, ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उजळला.

"छान आहे हे," तो म्हणाला. "फारच छान. कुणी लिहिलंय?"

प्रभाकरचा घास हातातच राहिला. मिहिरदा आधी हसायला गेले, मग त्यांनी रजनीकडे पाहिलं, आणि हसू तोंडातल्या तोंडात विरलं.

'तुम्हीच की हो', एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याने ते मानलंही असतं, आणि बाकी दोघांनीही मानल्यासारखं केलं असतं. पण त्याने इतक्या मनापासून विचारलं होतं.

"मी लिहिलंय," रजनी म्हणाली.

"तू?"

"जूनपासून मीच लिहिते. तुमच्या नावाने."

त्याने ओळ आणखी एकदा वाचली. रागावेल असं तिला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"ऐकून लिहिलंस?"

"दोन्ही बाजू. दर वेळी."

"आणि मी?"

"तुम्ही शेजारी असता. कधी कधी डोळा लागतो तुमचा."

चंद्रकांतने मान हलवली. कचेरीत एखाद्या फायलीवर अखेर निर्णय घेताना हलवावी तशी. मग त्याने मिहिरदांना त्यांचा फोन परत दिला आणि आपला मागितला. रजनीने फ्रिजवरचा आणून दिला.

"मिहिर, जो ऐकत नाही त्याचं नाव तिथे नको. आपलं ठरलं होतं."

"धुर मोशाय!" मिहिरदांचा आवाज चिरकला. "कसला नियम घेऊन बसलास? खड्ड्यात गेला नियम. तू नुसता फोटो टाक. फोटोही टाकू नकोस. नुसता राहा."

"अहो खरंच, चंद्रकांतराव," प्रभाकर म्हणाला, "आम्ही तरी कुठे दर वेळी दोन्ही बाजू..."

"तुम्ही ऐकत नाही?" चंद्रकांतने इतक्या कडकपणे विचारलं की प्रभाकरने मान खाली घातली आणि वांग्याचा देठ ताटातल्या ताटात फिरवत राहिला.

चंद्रकांतने ग्रुप उघडला. बोट वर नेलं, खाली आणलं. कुठला तरी फोटो मोठा झाला, मग फोन दुसरंच काही विचारू लागला. त्याने परत सुरुवात केली. तिघंही बघत होती. मदतीला हात पुढे करायची कुणाचीच छाती होत नव्हती. अखेर त्याने फोन रजनीपुढे धरला.

"तू काढ. तुला येतं."

"राहू द्या ना. जेवण झाल्यावर बघू."

"जेवण झाल्यावर मी विसरेन, रजनी."

हे त्याने पहिल्यांदा म्हटलं. अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तसं. इतके महिने दोघांनी मिळून ज्याच्यावर पांघरूण घातलं होतं, ते असं ताटांच्या मधोमध येऊन बसलं.

रजनीने पदराला हात पुसले. ग्रुप उघडला, अगदी तळाशी गेली. लाल अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवलं. फोनने विचारलं, नक्की बाहेर पडायचं का? तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"दाब," तो म्हणाला.

तिने दाबलं.

"झालं?"

"झालं."

मिहिरदा उठून उगाचच बेसिनवर जाऊन तोंड धुऊ लागले. नळ बराच वेळ वाहत राहिला. प्रभाकरने ताटातला भात कालवला आणि तसाच ठेवला. चंद्रकांतने मडक्याचं झाकण काढून आत पाहिलं आणि एकेकाच्या वाटीत रसगुल्ले वाढायला घेतले, मोजून दोन-दोन, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. रजनीच्या वाटीपाशी आल्यावर तो क्षणभर थांबला.

"उद्या त्या डॉक्टरांना फोन कर," तो म्हणाला. "आणि मला घेऊन जा."