गुलाबी जर्सी

"मेंढ्यासुद्धा दिवसातून बारा वेळा बांध चढत नाहीत, आणि त्यांना तर चार पाय असतात!" वीबके ओरडली.

कोच हार्टविगने तोंडातली शिट्टी काढून बाहीला पुसली. "मेंढ्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत नाहीत, बाई."

समोर समुद्राच्या बांधावर चोवीस खेळाडू छातीशी व्यायामाचा जड चामडी चेंडू धरून धापा टाकत चढत होते. गवत दवाने ओलं, त्यात मेंढ्यांच्या लेंड्या. सहा आठवड्यांच्या सुट्टीनंतरचा आज फक्त दुसरा दिवस, आणि हार्टविगने त्यांना जुंपलं होतं बैलासारखं. दरवर्षीचं हेच! वीबके अकरा वर्षं या संघाची फिजिओ होती आणि अकरा वर्षं दर जुलैत तिचं डोकं असंच फिरत होतं. सुट्टीत तीन आठवडे पूर्ण आराम, मग हलकं हलकं पळणं, असा तक्ता ती प्रत्येकाला आखून द्यायची. सोबत एक घड्याळ. कोण किती पळालं, नाडी किती चढली, सगळं त्या घड्याळातून तिच्या संगणकावर यायचं. आणि हा बाबा दुसऱ्याच दिवशी त्या तक्त्याची वाट लावायचा.

"निदान ओन्नोला तरी सहा वेळांवर थांबवा," ती म्हणाली. "चौतिसावं लागलंय त्याला. एप्रिलमध्ये टाच दुखत होती."

"कालची चाचणी कोणी घेतली? तूच ना? त्याच्या नावापुढे हिरवी खूण कोणी केली? मी?"

खूण वीबकेचीच होती. काल मैदानाला फेऱ्या मारायला लावून, दर टप्प्याला थकवा मोजायला प्रत्येकाच्या कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन तिनेच आकडे काढले होते. ओन्नो तिसरा आला होता. त्याच्या घड्याळाचा हिशेबही कसा नितळ! जेवढं सांगितलं तेवढंच पळणं, ना कमी ना जास्त. बाकीचे चोर तर घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधून सोडत. गेल्या वर्षी एकाची नाडी मांजरामागे पळताना दोनशेवर गेली होती. ओन्नोसारखा गुणी माणूस नाही, असं ती काल चहा पिताना सगळ्यांना सांगत होती.

आठव्या चढणीला ओन्नो मध्येच थांबला. चेंडू हातातून सुटून खाली गडगडत गेला. त्याने गर्रकन मागे वळून शिवी हासडली, "लाथ कोणी मारली रे?"

मागे कोणीच नव्हतं. सगळ्यात जवळचा खेळाडू वीस पावलांवर होता.

वीबके धावत सुटली. टाचेमागची शीर तुटली की माणसाला वाटतं, मागून कोणीतरी लाथ घातली. ओन्नो एका पायावर खाली बसेपर्यंत ती अर्धा बांध चढून गेली होती.

त्याला उपचारांच्या खोलीत आणून निजवलं. रुग्णवाहिका यायला अर्धा तास होता. तेवढ्या वेळात तिने बाहेरच्या बोळात हार्टविगला गाठलं.

"झालं समाधान? शेवटचं वर्ष होतं त्याच्या कराराचं! या वयात ती शीर जुळते, पण खेळ परत येत नाही. तुमच्या त्या बांधाने खाल्लं त्याला!"

"माझ्या बांधाने?" हार्टविग लालबुंद झाला. "तेवीस जण चढले की तोच बांध! तुझ्या घड्याळाने सांगितलं माणूस तयार आहे. आता माझ्या नावाने शंख करू नकोस!"

"माणसं आहेत ती, दगड नव्हेत!"

"मग दगड मोजल्यासारखी हिरव्या खुणांची लिस्ट कशाला देतेस मला?"

दोघांचं असं पार हातघाईवर आलं असताना ओन्नोची बायको इन्सा आली. अंगावर पावाच्या दुकानातला एप्रन तसाच. तिने दोघांचं भांडण जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "पुरे करा. तो रोज पहाटे पळायचा."

"सांगितलं होतं तेवढंच पळालाय," वीबके म्हणाली. "माझ्याकडे आहे सगळं."

"ते संध्याकाळचं. पहाटे बांधावर पंधरा चढण्या, सहा आठवडे, एक दिवस चुकला नाही. घड्याळ असायचं माझ्या चहाच्या किटलीशेजारी. म्हणायचा, हातात घातलं तर वीबकेला कळेल आणि ती थांबवेल."

हार्टविगने मान खाली घातली. वीबके मात्र तरातरा आत गेली. असा संताप तिला हार्टविगचाही कधी आला नव्हता.

"गाढवा! अरे, लोक घड्याळाला फसवून आराम करतात, आणि तू मेल्या, जास्त पळायला फसवलंस? मला? मी काय दुश्मन होते तुझी?"

पायाला पट्टी लावायची म्हणून वीबकेने कपाट उघडलं. पट्ट्यांवर ती जर्सी ठेवली होती, धुऊन, इस्त्री करून. भडक गुलाबी, पाठीवर ही मोठी गोगलगाय. चाचणीत जो शेवटचा येईल त्याने आठवडाभर ती घालून सराव करायचा, ही या संघाची रीत. आज दुपारी ती कोणाच्या तरी गळ्यात पडायची होती.

ओन्नोची नजर त्या जर्सीवर खिळली.

"वीबके, मी तिसराच आलो ना काल? नक्की?"

"तिसरा."

"मग ती माझी नाही." तो चक्क हसला. घामाने थबथबलेला, पाय लोंबतोय, आणि हसतोय! "गेल्या वर्षी ती माझ्या अंगावर होती, तेव्हा माझ्या लीनाचा अख्खा वर्ग कुंपणापाशी आला होता बघायला. पोरीला शाळेत महिनाभर गोगलगाय म्हणत होते. मुलगी जेवायची नाही गं."

वीबकेला तो दिवस आठवला. जर्सी त्याच्या डोक्यातून घालताना ती स्वतःच ओरडली होती, "हात वर करा, आजोबा!" कुंपणापलीकडे पोरं खिदळली होती. तीही खिदळली होती, अगदी पोट धरधरून. गोगलगाय तिनेच शिवली होती, दोन संध्याकाळी खर्चून.

आणि ही बाई अकरा वर्षं दुसऱ्याला सांगतेय, माणसं दगड नव्हेत म्हणून!

तिने पट्टी बांधली. रागारागात गाठ दोनदा सुटली. बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबली. हार्टविगने दारातून डोकं आत घातलं. आवाज एकदम नरम होता.

"पोरं विचारतायत, दुपारी जर्सीचं काय करायचं? तेवढंच जरा त्यांचं मन..."

वीबकेने कपाटातून जर्सी ओढली, आपल्या पांढऱ्या सदऱ्यावरून डोक्यातून घातली आणि खाली खेचून नीट केली.

"हे काय करतेस?" ओन्नोने विचारलं.

"जिची आहे तिने घातली. उचला रे स्ट्रेचर, मी येतेय दवाखान्यात याच्याबरोबर."

"अशीच? अख्खं गाव बघेल."

"बघू दे," वीबके म्हणाली, आणि त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून बाहेर निघाली.