गाद्यांच्या गाडीवरचा हात

माझा धाकटा भाऊ ओडील बारा वर्षं व्यावसायिक सायकलपटू होता आणि बारा वर्षांत एकही शर्यत जिंकला नाही. जिंकणं हे त्याचं कामच नव्हतं. संघाच्या म्होरक्याला, गास्तोन लाम्ब्रेख्तला, जिंकवणं हे त्याचं काम. गास्तोनच्या पुढे राहून वारा आपल्या छातीवर घ्यायचा, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून त्याला द्यायच्या, तो चढावर मागे पडला की वळून बघायचं, थांबायचं, आणि त्याला पुन्हा वर न्यायचं. टीव्हीवर शर्यत लागायची ती शेवटच्या तासाला. तोवर ओडीलचं काम संपलेलं असायचं आणि तो मागच्या घोळक्यात कुठेतरी असायचा. मी पडद्याला नाक लावून बसायचे, तरी दिसायचा नाही.

आमच्या काउटरगेम गावात दर ऑगस्टला जत्रेच्या सोमवारी चर्चभोवती शर्यत होते. फ्रान्सची मोठी शर्यत नुकतीच संपलेली असते आणि तिथले नामवंत गावोगावी अशा शर्यतींना येतात. ह्या शर्यतीत कोण जिंकणार ते सकाळीच कॉफी पिताना ठरतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. लोकांना आपला लाडका जवळून बघायचा असतो, तो हात वर करून रेषा ओलांडताना बघायचा असतो, मग ते खुशीत बीअर पितात आणि घरी जातात. भोंग्यावरून सायकलपटूंची नावं पुकारतात तेव्हा ओडीलचं नाव यायचं ते लोक तळलेल्या बटाट्यांच्या रांगेत असताना. मला एकदा तरी ते नाव शेवटी, सगळं गाव रेषेपाशी उभं असताना, ऐकायचं होतं. मला तेवढंच हवं होतं.

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या शनिवारी तो स्वयंपाकघरात आला.

"झुल्मा, सोमवारी मी जिंकणार आहे."

मी बटाटे सोलत होते. "कशात? पत्त्यांत?"

"चर्चच्या शर्यतीत. गास्तोननं शब्द दिलाय."

नुकत्याच झालेल्या फ्रान्सच्या शर्यतीत, डोंगरात गास्तोनचं चाक मोडलं तेव्हा ओडीलनं आपलं चाक काढून दिलं होतं आणि स्वतः रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून मोटारीची वाट बघत राहिला होता. त्या रात्री गास्तोन म्हणाला होता, तुझ्या गावात तू जिंकशील.

मी सुरी खाली ठेवली. "मग अंगणात चल आणि हात वर करून दाखव."

"आत्ता?"

"मग काय सोमवारी शिकणार आहेस?"

त्यानं अंगणात सायकल काढली, दोन्ही हात सोडले आणि शेजारणीच्या कोंबड्यांत जाऊन पडला. कोंबड्यांपेक्षा शेजारीणच जास्त ओरडली. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग तो पुन्हा चढला, पुन्हा हात सोडले. तिसऱ्या खेपेला जमलं. हात वर करून तो थेट कुंपणापर्यंत गेला.

जत्रेच्या दिवसांत मी ओमेरच्या कॅफेत कामाला जायचे. ओमेर शर्यतीच्या समितीचा प्रमुख. सोमवारी सकाळी मी मागच्या खोलीत कॉफी घेऊन गेले तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला होता, समोर गास्तोन आणि ओडील.

"अरे गास्तोन, पलीकडच्या सात गावांची माणसं तुझ्यासाठी आलीत! ओडीलला ती रोज बघतात. फुकटात. बेकरीच्या दारात."

"मग आज पैसे देऊन बघू देत," गास्तोन म्हणाला. त्यानं माझ्या हातून कप घेतला. "झुल्माबाई, तुमच्या भावानं माझ्यासाठी किती वारा खाल्लाय ते ह्यांना सांगा."

"वारा दिसतो का कोणाला?" ओमेर म्हणाला.

कोपऱ्यात कालेन्स साहेब बसले होते. कालेन्स गाद्या. सबंध संघ त्यांच्या पैशावर चालायचा आणि त्यांचं नाव प्रत्येकाच्या छातीवर होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांना गाद्या विकायच्या होत्या.

"मी माझ्यापुरतं सांगतो," ते म्हणाले. "बारा वर्षं ओडीलच्या छातीवर माझं नाव आहे. कोणी वाचलं? हा कायम वाकलेला. मान खाली, पाठ वर. पाठीवर कोण वाचतो? जिंकणारा ताठ उठतो, हात वर करतो, तेव्हा माझं नाव पेपरात दिसतं. ओडील, तुझा करार ह्या हंगामापुरताच आहे, तुला माहीत आहे. आज जर्सीची चेन गळ्यापर्यंत लाव, दोन्ही हात वर घे. फोटो चांगला आला तर पुढच्या वर्षाचं बोलू."

"हात वर करता येतात ना रे तुला?" ओमेरनं विचारलं.

सगळे हसले. ओडीलही हसला. "गास्तोन जिंकला की मी मागून करतोच की."

दुपारी मी एप्रन सोडला आणि खाटकाच्या दुकानासमोरच्या कठड्याला जाऊन टेकले. तिथून शेवटची रेषा दिसते. ओडीलची जर्सी मी रविवारीच इस्त्री केली होती. दर फेरीला तो समोरून जायचा, चेन गळ्यापर्यंत, आणि एवढ्या उन्हात त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. बाकीच्यांच्या चेनी पोटापर्यंत उघड्या.

"तुझ्या भावाला थंडी वाजतेय का गं?" खाटकाची बायको मला म्हणाली.

"त्याला फोटो काढायचाय," मी म्हटलं. ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली, मग तिला कळलं. तिनं माझा हात धरला.

ठरल्याप्रमाणे शेवटच्या फेरीला दोघं बाकीच्यांपासून सुटले. औषधाच्या दुकानाच्या वळणावरून आधी ओडील बाहेर आला. एकटा. त्याच्यामागे चांगलं अंतर सोडून गास्तोन, मान खाली घालून, लोकांना खरं वाटावं म्हणून जोर लावल्यासारखा. भोंग्यावरचा माणूस एकदम ओरडला, "ओडील! आपला ओडील!"

मी ते ऐकलं. सगळं गाव रेषेपाशी उभं होतं आणि मी ते ऐकलं.

पण कठड्याला लोटलेली माणसं दुसरंच नाव घेत होती. "गास्तोन! गास्तोन!" पोरी, म्हातारे, चर्चचा पाद्रीसुद्धा. त्यांचा काही दोष नाही, ती त्यासाठीच आली होती. ओडीलच्या कानावर ते नाव गेलं, आणि त्यानं वळून मागे बघितलं.

ती मान मला माहीत होती. मागचा पकडेल म्हणून घाबरून माणूस वळतो तशी ती नव्हती. आपला माणूस कुठे राहिला, हे तो बघत होता. त्याचे पाय थांबले. रेषा समोर होती, मोकळी, आणि माझा भाऊ पाय थांबवून गास्तोनची वाट बघत होता.

"ओडील, जा!" मी ओरडले. "अरे जा!"

गास्तोननं नंतर मला शपथेवर सांगितलं की त्याला फक्त एक पाठ जवळ येताना दिसली, आणि रेषा दिसली की त्याचे पाय त्याला विचारत नाहीत. तो बाजूनं निघून गेला. गर्दी फुटली. गास्तोनचे हात वर गेले.

आणि त्याच्या मागे, चेन गळ्यापर्यंत लावलेला माझा भाऊ, दोन्ही हात सरळ आभाळात, तोंडभर हसत आला. इतका छान मी त्याला कधी बघितला नव्हता. आज कोणी जिंकायचं होतं ते रेषेच्या पलीकडे गेल्यावर त्याला आठवलं. हात तसेच वर राहिले आणि चेहरा खाली आला.

कॅफेच्या मागे नळापाशी दोघं उभे होते. गास्तोनच्या हातात फुलं होती.

"मूर्खा, थांबलास कशाला?"

"तू मागे पडलास असं वाटलं."

कोणी हसलं नाही. गास्तोननं फुलं पुढे केली. ओडीलनं मान हलवली. "तू जिंकलास. झुल्माला दे हवी तर."

मी म्हटलं, मला नकोत. मग गास्तोनचा चेहरा बघितला आणि घेतली.

फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. कालेन्स साहेबांना तो फार आवडला. त्यांनी तो मोठा करून घेतला, रंगवून घेतला, दुकानांत लावला आणि गाद्या पोचवणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना चिकटवला. गास्तोन मावावा म्हणून कडा कापल्या. गास्तोनच्या खांद्यामागे एक हात तेवढा राहिला, कोणाचा ते कळू नये असा. अंगठा जरा वाकडा. लहानपणी गोठ्याच्या दारात चेंगरला होता तो.

पुढच्या वर्षाचं ते बोलले, शब्द पाळला म्हणायचा. सायकलीवर जागा नव्हती. गाडीवर होती. ओडील ती गाडी चालवायला लागला.

दर मंगळवारी तो काउटरगेमवरून जायचा. लोक गाडीकडे बघून हात हलवायचे. "गास्तोन आला बघा," म्हणायचे. मी बेकरीच्या पुढच्या वळणावर उभी राहायचे आणि गाडी दिसली की भोंग्यावरच्या माणसासारखी ओरडायचे, "ओडील! आपला ओडील!"

"झुल्मा, अगं वय काय तुझं," बेकरीवाली म्हणायची. "लोक हसतात."

"हसू देत," मी म्हणायचे.

गाडी थोडी पुढे जाऊन थांबायची. खिडकीतून त्याची मान बाहेर यायची, मागे वळायची, आणि मी कुठवर आले ते बघत तो थांबून राहायचा. मला काही फार चालायचं नसायचं. पण मी मुद्दाम हळू चालायचे.