पहिल्या नंबरचा फोटो

परशरामने फोटो दत्तोपंतांच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला आणि तो दोन पावलं मागे सरकला. फोटोच्या पाठीवरचा शिक्का त्याने निघण्याआधीच खाकी कागद डकवून झाकला होता. शिक्का दिसला तर दत्तोपंतांचं मत तिकडे झुकेल, अशी त्याला भीती होती. निपाणीच्या शाळेत तो विज्ञान शिकवत असे.

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. खासबागेतला आपला फोटो स्टुडिओ बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती. परशराम मात्र चार वर्षं दर महिन्याला बेळगावला येऊन त्यांचे शेरे वहीत उतरवून नेत होता.

"वखार निपाणीची?"

"व्हय अण्णा. तंबाखू चाळणारी मालुबाई."

फोटोत झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. तिच्या मागे चाळण धरलेली बाई होती, चेहरा स्वच्छ उजळलेला. दत्तोपंत फोटोजवळ वाकले.

"एवढी धूळ, आणि हिच्या नाकावर पदर नाही?"

"मीच काढायला लावला. चेहरा दिसंना."

"मग शिंकली असेल."

"लई. फोटो हलून पाच काचेच्या प्लेटा वाया गेल्या."

"त्यातली एखादी आणायचीस." त्यांचं बोट खाली सरकलं. "चाळण तर हलत नाही. धूळ कुठनं आली रे?"

परशरामने मान खाली घातली. "मूठभर मी उधळली."

दत्तोपंत हसले नाहीत.

"अण्णा, उद्या सकाळी आठला निपाणीत गाळ्याचा करार हाय. आठला न्हाय गेलो तर दुसरा घेणार. शाळा सोडून स्टुडिओ काढतोय. ह्या फोटोच्या जिवावर."

"ह्याच्या?"

त्याने फोटो उलटा करून कागद सोलला. पुण्याच्या स्पर्धेचा शिक्का होता, पहिला नंबर. दत्तोपंतांनी तिकडे पाहिलंही नाही.

"ठाऊक आहे. परीक्षकांत मी होतो. नावं झाकलेली होती, पण नंबर मीच दिला."

"तवा नाकावर पदर न्हाय हे दिसलं न्हाय?"

"दिसलं की." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तीनशे फोटो होते. त्यात ऐंशी सूर्यास्त. एकेकाला अर्धं मिनिट, आणि बाहेर जेवणाची पानं मांडलेली. त्या सगळ्यांत हा बरा होता. आज हा एकटाच आहे."

परशराम भिंतीला टेकून खाली बसला. रस्त्यावरून बैलगाडी गेली. बाहेर सांजावलं होतं; फोटोतला झरोका तेवढा दिसत होता, बाई अंधारात गेली होती.

"अजून काय हाय का?"

"आहे. पण उजेड गेला, आणि मी दमलोय. तुझी निपाणीची शेवटची मोटार सुटेल, ऊठ."

परशरामने टोपी उचलली. हातात फिरवली, पुन्हा खाली ठेवली.

"अण्णा, ह्या खिडकीत सकाळी चांगला उजेड कधी येतो?"

"समोर भिंत आहे. नऊ वाजतात."

"मग नऊला बसू."